खालचे चार

६ सप्टेंबर २००५

काल शिक्षक दिन. एका विमा एजंटाने आम्हा स्टाफला डायऱ्या वाटल्या. सप्टेंबरात चालू वर्षाची डायरी वाटणारा माणूस धन्यच. घरी आणली, आता कोरी ठेववत नाही. नवरा, इंद्रजित, वणीला, कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर नोकरीला. येतो तो शनिवारी रात्री. बोलायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून हे.

आज स्टाफ मीटिंग झाली. प्राचार्य पुण्याहून कार्यशाळा करून आले आहेत. फेब्रुवारीत कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार. "आपल्याकडे अंतर्गत परीक्षेत जो तो वीसपैकी अठरा," ते म्हणाले. "समिती विचारेल, राळेगावची पोरं काय साच्यातून काढता?" खरं आहे. मीही वर्षानुवर्षं अठराच देत आले. कुणाशी भांडण नको, डोक्याला ताप नको.

आता नवी पद्धत. चाचणीत किती गुण मिळाले याला महत्त्व नाही, वर्गात कितवा आला याला. वरच्या चौघांना 'अ', खालच्या चौघांना 'ई', मधल्यांना मधलं. तीन चाचण्यांत दोनदा 'ई' आला की टर्म नामंजूर, म्हणजे मार्चच्या परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं.

मी विचारलं, "सर, सगळ्यांनीच चांगलं लिहिलं तर?"

"तरी कोणीतरी चार खाली असणारच ना, विमलताई. सांख्यिकी तुम्हीच शिकवता."

सगळे हसले. मग प्रयोगाला माझाच वर्ग निवडला गेला, बी.कॉम. दुसरं वर्ष. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, संध्याकाळी पाय सुजतात. मी हो म्हटलं.

२३ सप्टेंबर

वर्गात नियम सांगितला. अडतीस तोंडं माझ्याकडे बघत होती. प्रश्न विचारला तो संघदीपने. हा वर्गात पहिला येणारा मुलगा. नेरकडच्या खेड्यातला, इथे वसतिगृहात राहतो. बोलतो कमी, पण बोलला की मला दोन मिनिटं विचार करावा लागतो.

"मॅडम, बाकी सगळ्याइले पंधरा भेटले अन् मले चौदा, तं मले ई?"

"खालच्या चारांत आलास तर हो."

"अन् सगळ्याइले चार अन् मले पाच?"

"मग तुला अ."

त्याने वहीत काही लिहिलं नाही. वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि बसला. मागून उर्वशी म्हणाली, "म्हंजे मॅडम, आपलं काय आलं त्याले काही भाव नाही. बाजूवाल्याचं काय आलं ते पाहा." उर्वशी तांड्यावरची पोर, तोंडाळ, हुशार. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कामाला जाते, हाताला तिच्या नेहमी काहीतरी लागलेलं असतं. मी तिला गप्प बसवलं. उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसवलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

५ ऑक्टोबर

पहिल्या चाचणीची यादी लागली. संघदीप एकोणीस. खालच्या चारांत अपेक्षा, तिला सात.

अपेक्षा पहिल्या बाकावर बसते. फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, माझ्या चुकांसकट. रोज एसटीने येते-जाते. मेहनत वाया जावी इतकी कच्ची आहे, आणि ते तिला माहीत आहे. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, अजून एक डाव ई आला तं टर्म जाते ना?"

"जाते."

"बाबा म्हणते, एक वर्ष गेलं तं दुसरं नाही. मंग घरीच राह्य म्हणते." रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी काय करू, ते सांगा. सांगान ते करतो."

चारनंतर जादा तास घेऊ म्हटलं, तर तिची शेवटची गाडी साडेचारची. म्हणून मधल्या सुट्टीत शिकवते म्हटलं. माझा डबा तेवढा मागे पडेल. ही पोर घरी बसली तर मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. जुन्या पद्धतीत तिला अठरा दिले असते आणि विसरून गेले असते.

१५ ऑक्टोबर

सायकल स्टँडमागच्या कडुलिंबाखाली अख्खा वर्ग बसलेला दिसला. दसऱ्याच्या सुट्टीहून आलेली पोरं, गप्पा असतील असं वाटलं. मी जवळून गेले तसे सगळे चिडीचूप. संघदीप जमिनीवर काडीने काहीतरी लिहीत होता, त्याने ते पायाने पुसलं. स्नेहसंमेलनाची नाटकं आतापासूनच सुरू झाली वाटतं.

२४ नोव्हेंबर

दुसरी चाचणी झाली. पेपर तपासताना मी दोनदा चष्मा पुसला.

संघदीपला चार. वीसपैकी चार! त्याच्याबरोबर खालच्या चौघांत आणखी तिघं, तीही मागच्या वेळची पहिल्या दहातली. आणि मागच्या वेळचे खालचे चौघेही वर सरकलेत. अपेक्षाला नऊ. मधल्या सुट्टीतल्या तासांचं चीज झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

बाकी गोष्टीला तर शास्त्रात नावच आहे. टोकाला गेलेली माणसं पुढच्या खेपेला सरासरीकडे परततात, दरवर्षी मी हे शिकवते. आज याच दोन याद्या फळ्यावर मांडून शिकवलं. "पाहा, वरचा कायम वर राहत नाही, खालचा कायम खाली राहत नाही," म्हटलं. वर्ग इतका मनापासून कधी हसला नव्हता. इतक्या वर्षांत माझा एखादा मुद्दा असा पोचला नसेल.

तास संपल्यावर संघदीपला थांबवलं.

"घरी काही झालंय का?"

"नाही मॅडम."

"तब्येत?"

"बरी हाय."

"मग हे काय लिहिलंस? अ गेला तुझा. तुला कळतंय का?"

"त्या दिवशी सुचलं नाही, मॅडम."

त्याची उत्तरपत्रिका अजून डोळ्यांसमोर आहे. पहिलं उत्तर बरोबर, सुवाच्य. त्याखाली पट्टीने रेघ मारून 'समाप्त'. पुढची पानं कोरी. सुचलं नाही तर माणूस खाडाखोड करतो, काहीतरी खरडतो. रेघ कोण मारतं?

रात्री फोनवर इंद्रजितला सांगितलं. म्हणाला, "पोरगी असंन. दुसरं काय राह्यते त्या वयात?" असेलही. मला पोरांचं आताशा काही कळेनासं झालं आहे.

१७ डिसेंबर

वर्गात निम्मे बाक रिकामे. वेचणी सुरू आहे. यंदा नवं बियाणं घेऊनही बोंडं किडली, तरी जे आहे ते वेचावं तर लागतंच. जिल्ह्यात कॅमेरेवाले फिरताहेत. परवा एकाने कॉलेजच्या फाटकात मला विचारलं, शेतकऱ्यांबद्दल काय वाटतं. मी म्हटलं, माझा तास आहे.

अपेक्षा मात्र रोज येते. प्रमाण विचलन तिला जमू लागलं आहे, उत्तर येतं पण वेळ लागतो. काल म्हणाली, "तिसऱ्या डावाले मले भेव नाही वाटत मॅडम." एवढा आत्मविश्वास कुठून आला कोण जाणे. मी म्हटलं, भीती असू दे थोडी.

८ जानेवारी २००६

डायरीतलं वर्ष संपलं. आता पहिल्या पानांवर आले आहे, ती कोरीच होती. छापलेली तारीख खोडून लिहिते.

आज रविवार. गावाबाहेर इंद्रजितच्या वाटणीचं शेत आहे, ते दीर बघतात. जाऊबाई आजारी, म्हणून वेचणीवर लक्ष ठेवायला मला जावं लागलं. टोळीत दहा-बारा बायका, मथुराबाई त्यांची पुढारी. आणि त्यांत माझी उर्वशी! परवा तिसरी चाचणी, आणि ही इथे उन्हात कापूस वेचते आहे, तेही माझ्याच शेतात. मला लाज वाटली.

प्रत्येक बाईने आपापली पात धरलेली, म्हणजे वाट्याला आलेल्या ओळींचा पट्टा. उर्वशीकडे अगदी कडेची, धुऱ्याच्या बांधालगतची पात. तिथे बाभळींची सावली पडते, झाडं गुडघ्याएवढी, बोंडं सुपारीसारखी. वेचणीची मजुरी किलोवर. बाकीच्यांच्या ओट्या भरलेल्या आणि हिची रिकामी. मला चीड आली. तांड्यावरची पोर बघून कडेला ढकललेली दिसते, असंच मनात आलं.

"तुलाच का इथं?"

"आज माझी पाळी हाय मॅडम."

मथुराबाई लांबून म्हणाली, "बाई, धुऱ्याच्या पातीले कापूस येत नाही. पर कोणाले तरी ते धराच लागते. म्हणून रोज एकीनं धराची. काल मी होतो."

"तिची परवा परीक्षा आहे. तिला मधली पात द्या," मी म्हटलं.

"नको मॅडम, राहू द्या," उर्वशी म्हणाली.

"मी सांगते आहे ना."

शेवटी मालकिणीचा शब्द. मथुराबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि मुकाट्याने धुऱ्याकडे गेली. उर्वशी मधल्या पातीत आली, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संकोचली असावी. परतताना कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटलं. दिवसभरात एक तरी चांगलं काम हातून झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या बायका तिळगूळ देऊन गेल्या. मी पेपर घेऊन बसले होते.

उर्वशीला तीन.

मला ते बघवेना. आणखी तिघं तिच्या आगेमागेच, चार, चार, पाच. पण ती तिघं माझ्या शेतात राबत नव्हती. उर्वशीचा पेपर पुन्हा काढला. दोन गणितांत सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, पहिल्या दोन पायऱ्या बरोबर, आणि मग एकदम थांबलेली. ज्याला एवढं येतं त्याला पुढचं यायलाच हवं. वेचून वेचून बोटं दुखत असतील, दुसरं काय? पायऱ्यांना गुण द्यावे की नाही हे शेवटी तपासणाऱ्याच्या हातात असतं. मी दिले. तिनाचे नऊ झाले.

मग क्रम लावला. उर्वशी वर गेली तशी खालून चौथी जागा रिकामी झाली, आणि तिथे आली अपेक्षा. तिला आठ.

मी यादी पुन्हा खालून वर मोजली. अपेक्षाचा हा दुसरा ई. टर्म जाणार. तिच्या पेपरात पायऱ्या शोधल्या, पण तिने सगळं शेवटपर्यंत सोडवलेलं, जे चुकलं ते चुकलेलं. द्यायला कुठे जागाच नव्हती.

उर्वशीचे सहा काढून घ्यावेत का, हे मनात आलं. पण मग आपण रविवारी शेतात केलं त्याला काय अर्थ? अपेक्षाला आठ मिळाले ते तिचे आहेत. ती कच्ची आहे, हे मी केलेलं नाही. मी तीन महिने डबा बाजूला ठेवून शिकवलं. नियम प्राचार्यांचा आहे.

यादी पाकिटात घातली. मन फार खट्टू झालं आहे.

१८ जानेवारी

आज यादी लागली. मला वाटलं अपेक्षा येईल, तिच्याशी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती आलीच नाही. आली उर्वशी.

"मॅडम, माझे मार्क काहून वाढवले?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मी तीन मार्काचंच लिहिलं होतं. नऊ कसे झाले?"

"पायऱ्यांचे दिले. बरोबर होत्या."

"कमी करा."

"काय?"

"कमी करा मॅडम. मले तीनच पाहिजे."

स्टाफरूममधली एकेक मान वळली. इतकी वर्षं पोरं गुण वाढवून मागायला येतात, हात जोडतात, बापाला घेऊन येतात. ही कमी करून मागते! मला ती चेष्टा वाटली. मी म्हटलं, "केलेलं कळत नसेल तर निदान उद्धटपणा तरी करू नकोस." ती तशीच निघून गेली.

अपेक्षा साडेचारच्याही आधीच्या गाडीने गेली म्हणे.

१९ जानेवारी

अपेक्षा आज आली नाही. तिसऱ्या तासानंतर संघदीप आला. हात मागे बांधून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला माझ्या सोयीचं रूप देईन.

"मॅडम, चार जण तं खाली राहणारच हाय. सगळ्याइनं अभ्यास केला तरी राहणार. मंग दर डाव तेच चार कायले? पहिल्या डावाले जे आले ते आले. त्याइले आता सोडाचं, असं ठरलं. दुसऱ्या डावाले आमी चौघं बसलो. तिसऱ्याले उर्वशी अन् तिघं. उर्वशीच म्हणे, आमच्या वेचणीत धुऱ्याची पात जशी धरते तसंच करा. एकेक डाव, कोणाचं वर्ष जात नाही."

"आणि वरचे चार?"

"वरचं ज्याचं त्याचं. त्याले कोणी हात नाही लावला."

"तुझा अ गेला."

"एक गेला. दोन हाय ना."

मला राग आला. "ही फसवणूक आहे," म्हटलं. "मी तुमचे पेपर रात्र रात्र तपासते. फळ्यापाशी उभी राहून तुम्हाला ते सरासरीचं शिकवलं, आणि तुम्ही मला हसत होता."

"तुमाले नाही हसलो मॅडम." तो खाली बघू लागला. "त्या दिवशी तुमी म्हणे, खालचा कायम खाली राहत नाही. आमाले वाटलं, आपलं बरोबर चाललं हाय."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमाले काही तरी करा लागलं असतं."

तो गेला. मी तास न घेता घरी आले. माझ्या दयेमुळे त्या पोरीचं वर्ष जातं आहे. सहा गुण मी उर्वशीला दिले असं मला वाटत होतं. ते मी अपेक्षाच्या पुढ्यातून उचलले होते. यादी करताना हे मला दिसलं होतं, आणि मी ते नियमाच्या माथी मारून झोपले.

२० जानेवारी

दिवसभर उलटसुलट चाललं आहे. त्यांनी केलं ते बरोबर नाहीच. गुणांना मग अर्थ काय उरला? पण त्याआधी तरी काय होता? अठरा, अठरा, अठरा. मग प्राचार्यांचे चार, आणि मग माझे सहा. यांतल्या कशाला मी न्याय म्हणू? पोरांनी निदान एकमेकांना विचारून केलं. मी कुणालाच विचारलं नाही.

इंद्रजित फोनवर म्हणाला, "तू आपली नोकरी सांभाळ. तीन वर्षं राह्यली." मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते, म्हणून त्याच्यावरच डाफरले.

२३ जानेवारी

प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, एका पेपरात गुण चुकीचे पडले आहेत, दुरुस्त करायचे आहेत.

"वाढवायचे?"

"कमी करायचे. नवाचे तीन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "विमलताई, यादी लागली. विद्यापीठाच्या फॉर्मात भरली. समिती दोन आठवड्यांवर आली. आता बदलायचं तर कारण लेखी लागेल."

"लिहून देते. मी जाणूनबुजून वाढवले होते."

"असं लिहू नका. नजरचूक लिहा."

"नजरचुकीला तुम्ही बदल कराल?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. नजरचुकीसाठी छापलेली यादी बदलत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "जाणूनबुजून लिहिलंत तर मला मेमो द्यावा लागेल. सेवापुस्तकात नोंद होईल. परीक्षेच्या कामातून काढावं लागेल. विभागप्रमुखपदही जाईल. एका पोरीच्या सहा मार्कांसाठी?" माणूस वाईट नाही. खरंच समजावत होते.

पोरांनी काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अडतीसच्या अडतीस टर्म गेल्या असत्या. अर्ज त्यांच्यासमोरच लिहिला. खाली तारीख घातली, सही केली.

२८ जानेवारी

मेमो मिळाला. शिपायाने सगळ्यांसमोर सही घेतली. स्टाफरूममध्ये चहा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर संपला.

नवी यादी लागली. खालचे चार: उर्वशी आणि ती तिघं. अपेक्षा खालून पाचवी. दुपारी ती वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसली होती. तिला कुणी काय सांगितलं ठाऊक नाही. मी विचारलं नाही, फळ्यावर गणित घातलं. तिने उतरवून घेतलं. मी एक चूक केली होती, तीही उतरवली, आणि मग हात वर केला. "मॅडम, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह पाहिजे ना?" पाहिजेच होतं.

जाताना उर्वशीला थांबवलं. दोन दिवस मनात घोळत होतं ते विचारलं.

"त्या रविवारी माझ्यामुळे मथुराबाईंना लागोपाठ दोनदा धुऱ्याची पात धरावी लागली ना?"

"हो."

"काही म्हणाल्या?"

"काय म्हणन? तुमी मालकीण." मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी माय गेलती टोळीत. तिनं धरली मंग. फिटलं ते."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल किंवा खरंच तसं असेल. माझ्या शेतात, माझ्या देखत पाळी मोडली आणि माझ्या नकळत जुळवून घेतली गेली. मला कुणी काही मागितलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

६ फेब्रुवारी

समिती आली. सभागृहात पताका, नवी सतरंजी. पुढच्या रांगेत विभागप्रमुख, परीक्षा समितीवाले. माझी खुर्ची पाहुण्यांच्या उजवीकडे असायची, आता तिथे दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं. मी मागे जाऊन कडेच्या खांबाआड बसले. पाय पसरायला जागा होती.

प्राचार्य छान बोलले. पडद्यावर माझ्या वर्गाच्या तीन याद्या दाखवल्या. "पाहा, तिन्ही चाचण्यांत खालचे चार वेगवेगळे आहेत. एकही विद्यार्थी दोनदा मागे राहिला नाही. स्पर्धा लावली आणि मागचा प्रत्येक जण पुढे आला." समितीचे अध्यक्ष मान डोलवत होते. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कॉलेजातही असा निकाल पाहिला नाही, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग प्राचार्यांनी जाहीर केलं की जूनपासून ही पद्धत सगळ्या वर्गांना, सगळ्या विषयांना लागू होईल.

माझ्या बाजूच्या भिंतीपाशी आमची पोरं उभी होती, हार-तुरे आणायला नेमलेली. संघदीपने उर्वशीकडे पाहिलं, उर्वशीने अपेक्षाकडे. तिघंही हसली नाहीत. सगळे वर्ग, सगळे विषय. किती पाळ्या लावतील आणि किती दिवस पुरतील? मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

उर्वशी वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, इथं खांब मधात येते. तुमाले नीट दिसत नसंन. तिकडं खुर्ची रिकामी हाय, तिथं बसा ना."

"राहू दे," मी म्हटलं. "आज माझी पाळी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातला हार संघदीपकडे दिला आणि शेजारी, खांबाआडच, खाली सतरंजीवर बसली.